समोर बघ, भोवऱ्या

भोवऱ्या खोटं बोलतोय हे सगळ्या शहराला कळलं ते त्याच्या डोळ्यांवरून. बोलला होता तो एकच शब्द.

डेपोच्या फाटकाबाहेर बातमीदार बाईनं त्याच्या तोंडासमोर माइक धरला आणि विचारलं, "बस सोडण्याआधी आरशात बघितलं होतं का?" तो म्हणाला, "बघितलं." पण तेवढा एक शब्द बाहेर पडेपर्यंत त्याचे डोळे एका बाजूला गेले, वर गेले, दुसऱ्या बाजूला गेले आणि मग कुठे त्या बाईच्या चेहऱ्यावर आले. तिथेही टिकले नाहीत. संध्याकाळपर्यंत चॅनेलवाल्यांनी त्या डोळ्यांभोवती लाल गोल काढले होते. तेच चित्र संथ करून पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि स्टुडिओत बसवलेली एक तज्ज्ञ बाई मान डोलावून सांगत होती, "ज्याची नजर ठरत नाही, त्याचा शब्दही ठरत नाही."

ताईनं टीव्ही बंद केला, रिमोट सोफ्यावर आपटला आणि परत उचलला. टीव्ही लावला, बंद केला. भोवऱ्या तिचा सख्खा धाकटा भाऊ. ते वाक्य तिचं होतं, आणि ते फेकणारी तज्ज्ञ बाई तिची एके काळची शिष्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

ताईचा धंदाच तो होता. कॅमेऱ्यासमोर किंवा कोर्टात उभं राहायची वेळ आलेल्या माणसांना ती देहबोली शिकवायची. घोटाळ्यात सापडलेले साहेब, राजीनामा द्यायला निघालेले पुढारी, रुग्ण दगावलेले डॉक्टर, सगळे तिच्याकडे येऊन खुर्चीत बसायला शिकून गेले होते. हात मांडीवर उघडे ठेवा. हनुवटी जरा खाली. उत्तर देताना नाकाला हात लावाल तर याद राखा. त्यातले किती खरे होते आणि किती चोर, हे तिनं कधी विचारलं नाही. वकील तरी कुठे विचारतात?

आणि आता स्वतःच्या भावाची पाळी आली होती. झालं होतं असं, की थांब्यावरून भोवऱ्याची बस निघता निघता एक निवृत्त मास्तर धावत आले, दाराजवळ घसरले आणि त्यांचा पाय मागच्या चाकाखाली सापडला. पाय वाचला, पण कुबडी आली ती आलीच. सगळा खटला एका गोष्टीवर अडून बसला होता. बस हलवण्याआधी भोवऱ्यानं दाराच्या बाजूच्या आरशात बघितलं होतं की नव्हतं? बघितलं असेल तर तो अपघात, नसेल तर हलगर्जीपणा. मग तुरुंग आणि जन्मभरासाठी परवाना रद्द. मास्तर सरळ माणूस. ते एवढंच म्हणत होते, "मला वाटलं, तो बघत नव्हता." आता वाटण्याला कोण काय उत्तर देणार?

"माझ्याकडे येऊन बसायचं," ताईनं भावाला फर्मावलं. "रोज. तुझे डोळे मी जागेवर आणते."

"अगं ताई, पण मी खरंच बघितलं होतं."

"ते मला ठाऊक आहे रे. प्रश्न तुझ्या खरेपणाचा नाही, तुझ्या थोबाडाचा आहे."

भोवऱ्या हे नाव त्याला लहानपणीच पडलेलं. जेवताना, अभ्यासाला, फोटोला, पोरगं कधी एका जागी ठरलंच नाही. आई म्हणायची, याला खिळा मारून बसवायला हवं. त्यामुळे क्लिपमधली ती भिरभिर बघून ताईला नवल वाटलं नाही. तिला वाटलं, जित्याची खोड. पुढं जे काही रामायण झालं त्याचं मूळ या एवढ्याशा वाटण्यात होतं. मास्तरांनाही वाटलं आणि तिलाही वाटलं, आणि दोघांनीही नीट बघितलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं लाल कागदाचा एक गोल चिकटवला आणि भोवऱ्याला त्याच्यासमोर बसवलं.

"हे न्यायाधीशबाईंचं तोंड. बघ. बस सोडण्याआधी आरशात बघितलं होतं का?"

"बघि—"

"डोळे! कुठे पळाले? समोर बघ, भोवऱ्या."

"बघितलं."

"परत पळाले. परत."

निलंबित माणसाला वेळेची काय कमतरता? सकाळी तो यायचा, दुपार कलायची तरी त्या गोलासमोर बसलेला असायचा. सुरुवातीला तो वैतागला, मग हसला, मग एकदा रडला. "ताई, डोळे धरून ठेवले की मला गुदमरल्यासारखं होतं गं. कुणीतरी मागून येतंय असं वाटत राहतं." ताईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "ती घबराट आहे. जाईल. समोर बघ." तिच्या हातून मोठमोठे बिलंदर सुतासारखे सरळ झाले होते. हा तर तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोर. त्यानं नाही ऐकायचं तर कुणी?

आणि खरंच, हळूहळू डोळे ठरले. इतके ठरले, की एक दिवस भावजयच ताईकडे आली. चहा पुढ्यात तसाच ठेवून म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हे आता घरात पण टक लावून बघतात. मी भाजी चिरत असले तरी टक लावून. लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी बघितलं नाही तेवढं बघतात, आणि मला मेलीला भीती वाटते."

"खटला संपला की पहिल्यासारखा होईल," ताई म्हणाली.

"परवा रस्ता ओलांडताना सरळ नाकासमोर चालत निघाले. मीच दंड धरून मागं ओढलं."

यावर ताई हसली. तेव्हा हसायला नको होतं, हे तिला नंतर कळलं, पण नंतर कळून काय उपयोग?

साक्षीचा दिवस उजाडला. ताई मागच्या बाकावर बसली होती, आणि जगाला स्थिर बसायला शिकवणाऱ्या त्या बाईचा पाय बाकाखाली शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता. भोवऱ्या मात्र दगड. सरकारी वकील, एक उंच, चष्मेवाला, गोड बोलून गळा कापणारा गृहस्थ, त्याच्याभोवती फिरून फिरून दमला.

"आरशात बघितलं होतं?"

"हो. बघितलं होतं."

ना पापणी हलली, ना हात. भोवऱ्याच्या वकिलानं मागं वळून ताईकडे बघून हळूच मान हलवली. कमाल केलीत, असा त्याचा अर्थ.

न्यायाधीशबाई बराच वेळ भोवऱ्याकडे बघत राहिल्या. वयस्क, सर्दीनं बेजार झालेल्या बाई होत्या, हातातल्या रुमालाची घडी घालत त्या म्हणाल्या, "तुमची ती क्लिप मीही बघितली आहे. तिथे तुमचे डोळे ठरत नव्हते, इथे पापणी लवत नाही. दोन्हीवरून मला काही कळत नाही. मला बस बघायची आहे. उद्या सकाळी डेपोच्या आवारात, तीच बस. तुम्ही ती रोज जशी सोडता तशी सोडून दाखवायची. कुणाची हरकत?"

सरकारी वकिलाची नव्हती, मास्तरांची नव्हती. भोवऱ्याचा वकील तर खूश झाला. "बस काय, तो झोपेतसुद्धा सोडेल!" बाहेर आल्यावर तो ताईला म्हणाला. त्याचीही उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्या संध्याकाळी ताईला टॅक्सी मिळाली नाही. कित्येक वर्षांनी ती बसमध्ये चढली आणि जागा मिळाली ती चालकाच्या तिरकस मागे. हा कुणी दुसराच चालक, पोट सुटलेला, तोंडात बडीशेप. थांबा आला, माणसं चढली, दार लागलं. चालकाचे डोळे दाराच्या बाजूच्या आरशात गेले, तिथून डोक्यावरच्या आरशात गेले, तिथून त्याच्या खिडकीबाहेरच्या आरशात गेले, आणि मग बस हलली. पुढच्या थांब्यावर तेच. सिग्नलला उभा असतानाही तेच, काही गरज नसताना. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याला विचारलं, "मंडईला जाईल का हो?" तो "जाईल" म्हणाला, आणि तो एक शब्द बोलता बोलता त्याचे डोळे एका बाजूला गेले, वर गेले, दुसऱ्या बाजूला गेले.

ताई जागेवरून उठून उभी राहिली.

ती खोड नव्हती. ती घबराट नव्हती. भोवऱ्याच्या डोळ्यांभोवती लाल गोल काढून चॅनेलवाल्यांनी अख्ख्या शहराला दाखवलं होतं, ते त्याचं आरशात बघणंच होतं. प्रश्न विचारल्याबरोबर त्याचे डोळे तिन्ही आरसे फिरून आले होते. याहून मोठा पुरावा तो काय देणार होता? आणि तो पुरावा तिनं स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, रोज थोडा थोडा, खरवडून काढला होता. ती मधल्याच थांब्यावर उतरली आणि भावाच्या घराकडे जवळजवळ पळत सुटली.

"विसर," दारातूनच ती म्हणाली. "मी शिकवलं ते सगळं विसर."

भोवऱ्या जेवायला बसला होता. त्यानं तिच्या डोळ्यांत डोळे घालून, न हलता विचारलं, "काय विसरू?"

त्याचं ते बघणं तिला सहन होईना. तिनं दोन खुर्च्या ओढल्या, भिंतीला दोन ताटं टेकवली, कपाटाला एक लटकवलं. हा दाराचा आरसा, हा वरचा, हा तुझ्या बाजूचा. आता बस सोड. भोवऱ्या बिचारा खुर्चीत बसला आणि त्यानं पहिल्या ताटाकडे बघितलं, मान वळवून, डोळे वटारून, नाटकातल्या राजासारखं. मग दुसऱ्याकडे. मग विसरला आणि भावजयीनं बोटानं तिसरं दाखवलं.

"असं नको! असं कुणाला खरं वाटेल? तू आधी कसं करायचास?"

"मला काय माहीत, ताई? मी करायचो तेव्हा मला माहीतच नव्हतं मी करतोय म्हणून." तो उठला, खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. "तू म्हणालीस समोर बघ, मी बघितलं. आता म्हणतेस तिकडे बघ. माझे डोळे आहेत का काय आहे? तूच ठरव एकदाचं."

तिला रडू आलं. रडताना कसं दिसायचं हेही ती लोकांना शिकवायची, पण तिचं स्वतःचं रडणं मात्र अगदी वेडंवाकडं होतं. भावजयीनं भिंतीची ताटं उचलून आत नेली. त्यातल्याच एका ताटात तिनं नणंदेला वाढलं, आणि कुणीच फारसं जेवलं नाही.

सकाळी डेपोच्या आवारात तीच बस उभी होती. न्यायाधीशबाई चालकामागच्या बाकावर जाऊन बसल्या. दोन्ही वकील आणि कोर्टाचे दोघे कर्मचारी उभे राहिले. मास्तर कुबडी टेकत आले होते, त्यांना खाली भिंतीच्या सावलीत खुर्ची दिली होती. ताई त्यांच्यापासून थोडी पुढे, दाराच्या बाजूला उभी होती. तिथून तिला भोवऱ्याचा चेहरा आरशात दिसत होता, म्हणजे त्यालाही ती दिसली असती. बघितलं असतं तर.

"त्या खांबापर्यंत," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "रोजच्यासारखं."

इंजिन सुरू झालं, बस थरथरली. ताईला एकच आशा होती, की हा थरथराट अंगाला लागला की त्याचं जुनं अंग जागं होईल. ती आरशातल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डोळे समोर. आरशाकडे बघ रे, ती मनात म्हणाली. डोळे समोरच. मग तिला राहवलं नाही. तिनं हात वर केला, हलवला, आणि आणखी नीट दिसावा म्हणून एक पाऊल पुढे गेली, मग दुसरं. खूण करून साक्षीदाराला सांगणं हा गुन्हा आहे, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

बस निघाली.

ओरडले ते मास्तर. "अरे, थांब! थांब!" ब्रेक करकचले, बसमधले वकील एकमेकांवर आदळले. ताईच्या खांद्यावरची पर्स बसच्या अंगाला घासून खाली पडली, आणि ती स्वतः मागच्या मागे मास्तरांच्या पायाशी जाऊन बसली. लागलं काही नाही, फक्त कोपर खरचटलं.

भोवऱ्या उडी मारून खाली आला. त्यानं बहिणीला बघितलं, तिची पर्स बघितली, चाक बघितलं. तोवर न्यायाधीशबाई आणि दोन्ही वकीलही खाली उतरले होते.

"बघितलंत, मॅडम?" सरकारी वकील चष्मा सावरत म्हणाला. "यापेक्षा जास्त काय बघायचं?"

"मी सांगते," ताई उठून उभी राहिली. "यात त्याची चूक नाही, माझी आहे." आणि तिनं सगळं सांगायला सुरुवात केली, तो लाल गोल, ते बसवून घेणं, ते समोर बघणं. सांगता सांगता तिचं तिलाच जाणवलं, की पाठ ताठ झाली आहे, तळहात उघडे पुढे आले आहेत, हनुवटी जरा खाली, नजर थेट न्यायाधीशबाईंच्या नजरेत. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं अंगात भिनलं होतं, ते नको तेव्हा उभं राहिलं. शब्दन् शब्द खरा होता, आणि तो ती अगदी पाठ केल्यासारखा बोलत होती.

"वा," सरकारी वकील म्हणाला. "तयारी छान आहे बाईंची."

ताईनं हात मागे घेतले. मग त्यांचं काय करावं तिला सुचेना, म्हणून पर्स उचलून छातीशी धरली. खरं बोलत असताना माणूस कसा दिसतो, हे त्या क्षणी तिला मुळीच माहीत नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं. त्या भोवऱ्याला म्हणाल्या, "तुमची बहीण म्हणते ते खरं असेल तर तुम्हाला आणखी एक संधी देता येईल. बाकीचे सगळे भिंतीपाशी जातील. तुम्ही पुन्हा बसा आणि बस सोडून दाखवा."

भोवऱ्याचा वकील लगबगीनं त्याच्या कानाशी लागला. "जा, जा. आता बघ तिकडे, तिन्ही आरशांत बघ, सावकाश. एवढं केलंस की सुटलास." खरंच, एवढंच करायचं होतं. मान तीनदा हलवायची होती.

"नाही," भोवऱ्या म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मी बस सोडणार नाही, मॅडम." त्यानं किल्ली काढून आणली होती, ती तो हातात फिरवत होता. "त्या दिवशी मी बघितलं होतं. मास्तर तेव्हा आरशात नव्हते, मागून आले असतील. पण आज मी नाही बघितलं. आज माझी ताई गेली असती. आता बघा म्हणालात तर बघीन, पण ते दाखवायला बघीन. तसं बघून बस हाकता येत नाही. डोळे परत येईपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. मग तुम्ही काय शिक्षा द्यायची ती द्या." आणि त्यानं किल्ली न्यायाधीशबाईंच्या हातात दिली.

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. भावजय ऐकत असती तर तिनंही लावला असता. ताई भावाकडे बघत राहिली. तो बोलताना कुठे बघत होता, हे तिला नंतर कितीही आठवून बघितलं तरी आठवेना. ती पहिल्यांदाच नुसतं ऐकत होती.

मास्तर कुबडीवर जोर देऊन उठले. "मॅडम, मी वाटलं म्हणालो होतो," ते म्हणाले. "पाय मोडल्यावर माणसाला बरंच काही वाटतं. मी त्याचा चेहरा बघितला नव्हता. मी दार बघत होतो."

मग निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी तो रुक्ष आवाजात वाचला. क्लिपवरून, साक्षीवरून किंवा आवारातल्या प्रात्यक्षिकावरून आपण काहीही ठरवलेलं नाही, असं त्यांनी म्हटलं. पण जो चालक तुरुंग समोर दिसत असताना, स्वतःवर भरवसा नाही म्हणून बस हलवायला नकार देतो, तो एरवी न बघता बस हलवत असेल हे मानणं आपल्याला जड जातं. निर्दोष. भोवऱ्या तिथेच खाली बसला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर कुबडीच्या टोकानं हळूच ढोसलं.

चॅनेलवर याची बातमी आली नाही. टीव्हीवरच्या त्या शिष्येचा मात्र ताईला फोन आला. तुम्हीच शिकवलेलं बोलले हो, असं म्हणाली. ताई म्हणाली, ठाऊक आहे. ताईनं धंदा बंद केला का, तर नाही केला. पोट कुणाला चुकलंय? पण नवीन माणूस आला की आता ती आधी विचारते, तुम्ही काम काय करता, आणि ते ऐकून झाल्याशिवाय त्याला खुर्ची देत नाही.

भोवऱ्याला डेपोनं परत घेतलं, पण त्यानं स्वतःहून आवारातलं काम मागून घेतलं. डोळे परत येतील की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. ताई दर आठवड्याला त्याच्याकडे जायची आणि जेवताना त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो तिच्याकडे तसाच, टक लावून बघायचा. विचारायची हिंमत व्हायची नाही.

मग एका दुपारी ती त्याला शेजारणीची काहीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की भोवऱ्या हूं हूं करतोय पण त्याचं लक्ष नाही. त्याचे डोळे दाराकडे गेले, वर गेले, खिडकीकडे गेले, तिच्यावरून गेले आणि पुन्हा दाराकडे गेले. भावजयीनं वाढता वाढता पळी तशीच हातात धरली.

"ऐकतोयस ना रे?" ताईनं विचारलं.

"ऐकतोय की," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता.

ताईनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.